घरच्या पार्किंगमध्ये जुनी इंडिगो मरिना दुरुस्त करून उभी करताना: आधी मागचा पत्रा, मग इंजिन

जुनी स्टेशन वॅगन बघायला गेलात की बॉनेटच्या आधी डिकी उघडा. टाटा इंडिगो मरिना ही अशीच वॅगन, २००४ साली आली. पेट्रोल असो की टर्बो डिझेल, इंजिन १४०५ सीसीचं आणि इंडिका-इंडिगोच्याच घराण्यातलं. त्यामुळे इंजिनाचं आणि ब्रेकचं सामान आजही ठाण्यात सांगून ठेवलं की मिळतं, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेलं मिळतं. मागचा भाग मात्र फक्त मरिनाचा: डिकीचं दार, त्याची काच, मागच्या बाजूच्या काचा, टेल लॅम्प, बीडिंग (दाराच्या कडेचं रबर). यातलं एक जरी गेलं असेल तर ते शोधण्यात महिने जातात. म्हणूनच मी इंजिन थकलेली पण मागून शाबूत असलेली पेट्रोल गाडी निवडली.

पैसे देण्याआधी कागद बघायचे. आरसीची १५ वर्षांची मुदत या सगळ्या गाड्यांची केव्हाच संपली आहे, त्यामुळे नूतनीकरण झालंय का आणि कधीपर्यंत, हा पहिला प्रश्न. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी मालकाकडून करून घ्या. चॅसी नंबर ओल्या फडक्याने पुसून स्वतः वाचा. तो गंजाने खाल्लेला असेल तर ती गाडी सोडून द्यावी, कितीही स्वस्त असली तरी.

खर्चाची वाटणी मी आधीच ठरवली होती: शंभरातले चाळीस पत्रा आणि रंगाला, तीस ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनला, वीस इंजिन आणि कूलिंगला, दहा कागदांना. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांना शून्य. पत्र्यात आत काय निघेल ते कार्पेट उचलल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्यात पार्ट विकत घेऊच नयेत.

सोसायटीत काम करायचं तर सेक्रेटरींना लेखी कळवा: ग्राइंडर फक्त दिवसा, रंगाची फवारणी नाही, जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे, गटारात नाही. दुसरी गोष्ट जिवाची. पेव्हर ब्लॉकवर घोडी (उचललेल्या गाडीखाली लावायचा जॅक स्टँड) ठेवली की तिचा एक पाय हळूहळू खचतो. प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायचा फूटभर चौकोन टाका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

आता गंज. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्याकडे पत्रा आतून जातो, बाहेरचा रंग चकचकीत असतानाच. सीट, कार्पेट, डिकीचे आतले पॅनल सगळं काढा. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला बद्द वाजतो. मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड, टेल लॅम्पच्या खालचा कोपरा, दरवाज्यांचा तळ आणि वायपरखाली पानं साचतात ती पन्हळ या जागा आधी बघा. दरवाज्याच्या तळाला पाणी जायला भोकं असतात. ती धुळीने बुजली की दरवाजा आतून टाकीसारखा भरतो. तारेने ती मोकळी करा, आणि नंतर अंडरकोट मारताना पुन्हा बुजवू नका.

वरवरचा गंज असेल तर ग्राइंडरला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर. ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवून किंवा पुसून पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस थर येतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून. जिथे स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातो तिथला पत्रा कापायचाच. चांगला धातू लागेपर्यंत कापा आणि २० गेजचा सीआरसी पत्रा बसवा. सीओटू वेल्डिंगसाठी मी डेन्टरला (पत्राकाम करणाऱ्याला) घरी बोलावलं, कारण कापणं, घासणं, पॅच आकारात आणणं आपण करून ठेवलं की त्याची मजुरी निम्म्याहून कमी होते. वेल्डिंग सलग ओढू द्यायचं नाही. एक टाका इथे, पुढचा लांबच्या टोकाला, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. त्याआधी बॅटरी आणि ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) कनेक्शन काढा. टाकीजवळचं काम असेल तर टाकीच उतरवा. पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवेच.

सांध्यांवर सीम सीलर, बंद पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) सगळ्यात शेवटी, ती पण २-३ मिमीपेक्षा जाड नाही. लांबी ओलावा पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. गंजावर थापलेली लांबी एका पावसाळ्यात फुगून निघते. वापरलेली गाडी घेताना लोहचुंबक सोबत ठेवायचं तेही याचसाठी: लांबीच्या जाड थरावर ते चिकटत नाही.

वॅगनमधला सगळ्यात चिवट त्रास म्हणजे डिकीतून येणारं पाणी. बीडिंगवर खडू घासा, डिकी बंद करून उघडा. बॉडीवर खडूची रेघ जिथे तुटते तिथे रबर टेकत नाही. बहुतेक वेळा रबर ठीक असतं आणि लॉकचा हूक थोडा आत सरकवला की भागतं. मग आत कुणालातरी टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा: आधी खालून, मग टेल लॅम्प, मग काच, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि भोक सापडत नाही.

मागचा वायपर, काचेचा हीटर, नंबर प्लेटचा दिवा यातलं काही चालत नसेल तर मोटर बदलायच्या आधी बिजागरीजवळची रबरी नळी सोलून बघा. डिकी उघडझाप करून तारा तिथेच तुटतात, आणि बाहेरचं इन्सुलेशन शाबूत असल्यामुळे दिसत नाहीत. एकेक तार हलकेच ओढा, तुटलेली लांबते. तुकडा जोडताना सोल्डरचे जोड वळणाऱ्या भागाच्या बाहेर घ्या आणि एका रांगेत ठेवू नका. वर हीट श्रिंक. इन्सुलेशन टेप उन्हाने चिकट होऊन सुटते. हीटरच्या मुख्य तारेला मूळ तारेइतकीच जाड तार वापरा.

इंजिन बरेच महिने उभं असेल तर थेट स्टार्टर मारायचा नाही. जुनं पेट्रोल काढा, प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर जोर लावू नका. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, कारण उघडायची मजुरी एकच. मेकॅनिक गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगेल. ऐकू नका. तो नसेल तर इंजिन थंडच चालतं आणि पेट्रोल जास्त पितं. गरम होण्याचं कारण बहुधा गाळाने भरलेला रेडिएटर, दमलेलं कॅप किंवा न चालणारा फॅन असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

ब्रेकमध्ये काटकसर नको: रबरी होज चारही नवीन, मागचे व्हील सिलिंडर गळत असतील तर जोडीनेच, आणि लिटरभर नवीन फ्लुइड जुनं काळं पूर्ण निघेपर्यंत. टायर पुरेसे जाड दिसले तरी बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे वाचा, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात.

रंग घरी करू नका. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि साध्या मास्कने ते अडत नाही. ४०० नंबरने घासलेल्या प्रायमरपर्यंत घरी, पुढचं वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडच्या बूथवाल्याकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघूनच न्या. रंग मूळचाच ठेवा. बदललात तर आरसीत नोंद करावी लागते.

आरटीओ (ठाणे एमएच ०४, नवी मुंबई एमएच ४३) मध्ये नूतनीकरणाचा फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि प्रत्यक्ष तपासणी. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे, ते बजेटमध्ये आधीच धरा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागतेच. तपासणीला जाण्याआधी हॉर्न, सगळे दिवे, वायपर आणि हँडब्रेक पुन्हा बघून घ्या.

गाडी रस्त्यावर आली की आणखी एक काम उरतं. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. फ्युएल होज इथेनॉल झेलणारे घ्या, आणि नवा फिल्टर पहिल्या दोन टाक्यांनंतर पुन्हा बदला. चढावर गाडी धक्के देऊ लागली तर इंजेक्टरवर खर्च करण्याआधी हाच फिल्टर काढून बघा.