स्पॅनिशमध्ये काळजी करायचीय? मग मराठीतूनच करा

पुण्यात स्पॅनिशचे क्लास बहुतेक इंग्लिशमधूनच चालतात, पुस्तकंही तशीच, त्यामुळे कोथरूडचा पोरगा आधी मराठीत घाबरतो, मग इंग्लिशमध्ये घाबरतो आणि मग कुठे स्पॅनिशकडे वळतो, तोवर समोरचा भलत्याच विषयावर गेलेला असतो. माझं म्हणणं एवढंच की भावना सांगताना तरी मधलं इंग्लिश काढून टाका राव.

इंग्लिशमध्ये कसं, माणूस घाबरलेला 'असतो'. आपण म्हणतो मला भीती वाटते, मला राग येतो, मला लाज वाटते. आणि स्पॅनिश? मे दा मिएदो, मे दा राबिया, मे दा बेर्गुएन्सा. त्यातलं 'मे' म्हणजे आपलं 'मला', अगदी जागच्या जागी. काळजीचंही तेच, तुझ्या खोकल्याची मला काळजी वाटते म्हणजे मे प्रेओकूपा तू तोस.

आता सबजंक्टिव्ह, म्हणजे शंका, इच्छा, भावना यांसाठी क्रियापदाचं वेगळं रूप, ज्याचं नाव काढलं की बी-वनची (मधल्या पातळीची) अख्खी बॅच माना खाली घालते. समजा पोरगा रात्री साताऱ्याहून गाडी चालवत येतोय, खंबाटकी घाटात पाऊस, आई म्हणणार 'उशीर करतो की काय, काळजी वाटते बाई'. हे जे 'की काय' आहे ना, घडलेलं नाही पण मनात घोळतंय, ते स्पॅनिशवाले क्रियापदाच्या शेवटी टाकतात, येगाचं (म्हणजे पोचतो) येगे होतं: मे प्रेओकूपा के येगे तार्दे. आणि 'सुखरूप पोचो' मधला तो 'ओ' म्हणजे ओहाला येगे बिएन. (ओहाला मूळचा अरबीतून आलाय.) फक्त उशीर आपल्यालाच होणार असेल तर के-बिके (के म्हणजे आपलं 'की') काही नको, सरळ मे प्रेओकूपा येगार तार्दे.

एस्तोय नेर्बिओसा म्हणजे आत्ता टेन्शन आलंय, सोय नेर्बिओसा म्हणजे स्वभावच तसा. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आया दुसऱ्या गटात.

हिंजवडीवाल्यांनो, तुमच्यासाठी एक वेगळं, मे दा पेना स्पेनमध्ये म्हटलं तर वाईट वाटलं किंवा कीव आली असा अर्थ, पण मेक्सिकोचा क्लायंट तेच म्हणाला तर तो बहुतेक संकोचलाय, उगाच सांत्वन करत बसू नका. त्याला धीर द्यायचाच असेल तर तू-तुम्हीचं भान ठेवा, मित्राला नो ते प्रेओकूपेस, मोठ्या माणसाला नो से प्रेओकूपे. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागतच नाही खरं तर, सासऱ्यांना 'काळजी करू नकोस' कोण म्हणतं?

आणि दचकलात तर स्पेनमध्ये 'माद्रे मिया' म्हणतात. म्हणजे आई गं!, आणखी काय.