कोलंबोचा हंगेरियन आवाज आणि सांगलीतली नटमंडळी

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. तेव्हापासून इथल्या नटाला शिकवलं जातं ते आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला. आता राज्य नाट्य स्पर्धा आणि एकांकिका करणारी अनेक मुलंमुली डबिंगकडे वळत आहेत आणि नेमकी हीच फेक त्यांना माइकसमोर नडते. त्यांनी द्युला साबो या हंगेरियन नटाचं काम जरूर ऐकावं.

साबो १९३० साली कुनसेंतमार्तोन या गावी जन्मले आणि २०१४ साली बुडापेस्टला वारले. मूळ माणूस रंगभूमीचा. पण हंगेरीत घरोघरी ओळख झाली ती दोन कामांमुळे: 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेत पीटर फॉकने साकारलेल्या कोलंबो या पोलीस तपासनीसाला दिलेला आवाज, आणि 'मॅज्यर नेपमेशेक' या हंगेरियन लोककथांच्या कार्टून मालिकेतलं निवेदन.

कोलंबो हे डबिंगचं अवघड प्रकरण आहे. फॉक वाक्य अर्ध्यात सोडतो, खाकरतो, सिगार तोंडात ठेवून बोलतो, निघता निघता दारातून मागे वळतो. रंगमंचावरचा नट अशी अर्धी वाक्यं सवयीने पूर्ण करून टाकतो आणि तिथेच पात्र मरतं. अडखळण्यामागचा विचार पकडावा लागतो: हा माणूस शब्द शोधत नाही, समोरच्याला बेसावध करतोय. हे एकदा कळलं की थांबा किती लांब ठेवायचा ते आपोआप ठरतं. मला साबोंचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

ओठ जुळवण्याचा भाग त्यामानाने कारागिरीचा. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात आणि प्रेक्षकाचा डोळा तेवढंच पकडतो. बाकीचं बरंच खपतं. पडद्यावर वाक्याच्या सुरुवातीला ओठ मिटलेले दिसत असतील तर 'कदाचित' तिथे बसणार नाही, 'बहुतेक' बसेल. पात्र पाठमोरं असेल किंवा हाताने तोंड झाकलेलं असेल तर मोकळीक मिळते; लांबलेला मजकूर अशाच जागी सरकवतात. हंगेरियनही मराठीसारखी प्रत्यय चिकटवत जाणारी भाषा, त्यामुळे शब्द लांबतात आणि संवाद लिहिणाऱ्याला कात्री चालवावीच लागते. नटाने वेग वाढवून वाक्य कोंबलं की ते वाचल्यासारखं ऐकू येतं.

काम तुकड्या-तुकड्यांनी होतं. आधी कागद बाजूला ठेवून तुकडा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा बघताना पडद्यावरचा नट श्वास कुठे घेतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. आपला श्वास त्याच जागी पडला तर निम्मं जुळणं तिथेच होतं. मग मूळ आवाज हेडफोनच्या एकाच कानात ठेवून टेक, म्हणजे त्या तुकड्याचं रेकॉर्डिंग, द्यायचा.

माइकपासून साधारण एक वीत अंतर ठेवा, तोंड थोडं तिरकं. समोरासमोर बोललं की 'फ' आणि 'भ'चा वारा थेट आदळतो आणि टेक वाया जातो. ओरडायचं वाक्य आलं तर आवाज दाबू नका, अर्धं पाऊल मागे या. दाबलेला आवाज दाबलेलाच ऐकू येतो. भावे नाट्यमंदिरात चालणारी फेक इथे कर्कश होते, पण श्वासाचा पोटातला आधार मात्र तोच लागतो. अनेक जण फेक सोडताना आधारही सोडतात आणि वाक्याची शेपटी विझते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नेमका अर्थच गळतो.

टेकच्या आधी दुधाचा चहा नको. लाळ घट्ट होते आणि जिभेचे चटचट आवाज येतात. कोमट पाणी घ्यावं, किंवा हिरव्या सफरचंदाची फोड खावी. घरी सराव करताना पंखा बंद, भिंतीला गोधडी, अंगात सुती कपडे.

निवेदनाची शिस्त वेगळी. जुळवायला ओठ नसतात, म्हणून नट सैल सुटतो. 'मॅज्यर नेपमेशेक'मध्ये चित्रं लोककलेच्या नक्षीतून घेतलेली, एका आकारातून दुसरा उमलत जाणारी. साबो त्यावर आवाज चढवत नाहीत. राजा आला म्हणून भारदस्त, म्हातारी आली म्हणून कापरा, असं सोंग घेत नाहीत. फक्त लय बदलतात. बालनाट्यातून आलेल्यांना हे सोडणं सगळ्यात जड जातं.

ही मालिका यूट्यूबवर आहे. भाषा कळत नाही हे सरावासाठी उलट बरं. एक गोष्ट लावा, चित्राकडे पाठ करा आणि साबो कुठे श्वास घेतात, कुठे लय मोडतात तेवढं कागदावर रेघांनी उतरवा. मग त्याच रेघांवर एखादी मराठी लोककथा सांगून रेकॉर्ड करा.