वेणीची मजुरी कुणी धरली?

कोल्हापूरची संस्कृती म्हटलं की अंबाबाई, रंकाळा, तालमी आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढं सगळ्यांना पाठ असतं. या संस्कृतीवर किती घरांच्या चुली पेटतात, हे मोजायचं असेल तर मात्र चपला बनवणाऱ्या सुभाषनगरातल्या एखाद्या सोप्यात बसून एका चपलेच्या जोडाचा हिशेब मांडावा लागेल.

तळाला म्हशीचं चामडं लागतं, तेही बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. चुन्यात ठेवून केस काढायचे आणि मग सालीच्या पाण्यात मुरवायचं, यात महिना सहज जातो. क्रोमचं, म्हणजे रासायनिक क्षारांनी केलेलं, कमावणं काही दिवसांत उरकतं, पण ते चामडं मऊ पडतं आणि तळाला हवा तो कणखरपणा त्यात येत नाही. स्वस्त नकली जोड पहिल्या पावसात पसरतो, तो बहुतेक इथेच फसलेला असतो. पुढे चामडं भिजवायचं, ठोकायचं, रापीने तळ कापायचा, आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा कुठेच नाही. मग कान, पट्टा, अंगठा आणि शेवटी पट्ट्यावरची बारीक वाद्यांची वेणी.

वेणीच्या वाद्या एकसारख्या रुंदीच्या निघाल्या नाहीत तर वेणी एका अंगाला वळते, पट्टा पायाला घासतो आणि गिऱ्हाईक जोड परत आणतं. जोडात सगळ्यात जास्त नजर आणि धीर इथे लागतो. हे काम बहुतेक घरांत बायका करतात, स्वयंपाक-पाणी सांभाळून. आणि हिशेबातून नेमकं हेच काम गळतं.

उदाहरणाला आकडे धरू. ज्याने त्याने आपले घालावेत. चामडं ३८० रुपये. वादी, गोंडा, रंग ६०. हत्यारांची धार, जागा, वाया जाणारा माल मिळून ७०. काम ७ तास, तासाला ८० रुपयांप्रमाणे ५६०. एकूण १,०७० रुपये. त्या सात तासांतले अडीच तास वेणीचे, म्हणजे २०० रुपये. ते धरले नाहीत तर जोड ८७० ला पडला असं वाटतं. व्यापारी ९५० देतो म्हणाला की घर खूश होतं, ८० सुटले म्हणून. प्रत्यक्षात १२० रुपये गेलेले असतात, आणि ते बाईच्या मजुरीतून गेलेले असतात. पुढची पिढी या धंद्यात का येत नाही, याचं उत्तर मला तरी या एका ओळीत सापडतं. पोरं आळशी नाहीत, हिशेब तोट्याचा आहे.

म्हणून पहिलं काम साधं आहे. वही घालायची. कोणी किती तास कशावर बसलं ते रोज लिहायचं, आठवडाभर तरी. भाव त्यानंतर बोलायचा.

दुसरं, भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे. मानांकन मुख्यतः नावाला संरक्षण देतं. अंगठ्याच्या चपलेसारखा आकार दुसऱ्याने बनवला म्हणून त्याला सरसकट अडवता येत नाही. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापुरात संताप झाला आणि तो रास्तच होता. पण मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक, म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं, स्वतः न्यायालयात आली नव्हती. नुसता अभिमान असून भागत नाही, दावा सांगणारा कागदावर लागतो.

कारागिरालाही त्या कागदावर येता येतं. मानांकन कुणाच्याही नावावर असलं तरी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक उत्पादकाची वेगळी नोंद होते. ती केली की आपल्या जोडावर हक्काने चिन्ह लावता येतं. फी नाममात्र आहे. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही नोंद घरातल्या बाईच्या नावानेही करावी. कारागिरांसाठीच्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत तशी सोय नाही. तिथे एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. हत्यारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख कर्ज, हे सगळं त्या एका नावावर. ते नाव बहुधा पुरुषाचं असतं. वेणी घालणारी कारागीर म्हणून कुठेच दिसत नाही.

दुकानदारांसाठी जीएसटीची एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. २,५०० चा जोड गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो, २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपये भाव वाढवला की गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जादा जातात. बारीक वेणीचा, खरोखर वेळखाऊ जोड याच रेषेवर अडकतो. त्यामुळे भाव एकतर रेषेच्या आत ठेवावा, नाहीतर सरळ बराच वर न्यावा. मधल्या भावाचा माल पडून राहतो.

ऑनलाइन विकणाऱ्यांचा नफा परतीच्या पार्सलात बुडतो. नंबर विचारू नका, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागा, कागदावर पाऊल ठेवून रेघ मारायला सांगा. आणि नुकता तेल लावलेला किंवा ओलसर जोड प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. चार दिवसांत बुरशी धरते. कागदात गुंडाळून खोक्यात घाला.

असाच न मोजलेला रोजगार नाटकाभोवतीही आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभी केलेली वास्तू गेली म्हणून गाव हळहळलं. पण त्याबरोबर प्रकाशयोजनावाले, ध्वनीवाले, रंगभूषाकार, नेपथ्याचे सुतार आणि बाहेरचा चहावाला यांच्या कामाच्या तारखाही गेल्या. वास्तूच्या नुकसानीचा पंचनामा होतो, तारखांचा होत नाही.

पुन्हा चपलेकडे. पावसाळ्यात तळ वाळत नाही आणि गिऱ्हाईकही आटतं, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून मे महिन्यातच तळ कापून, वाळवून, उंचावर रचून ठेवावेत. जून ते सप्टेंबर वेण्या आणि गोंडे करून ठेवायचे, दसऱ्याच्या तोंडावर जोडणी. त्या चार महिन्यांतल्या वेणीच्या तासांची पानं वहीत वेगळी ठेवा. दसऱ्याला व्यापारी दारात आला की आधी तीच पानं उघडायची.