परफॉर्मन्स १०६ टक्के

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये आमचं प्रॉडक्शन सॉफ्टवेअर नुकतंच चालू झालं होतं. पाळ्या भरतानाच निम्मा जीव गेलेला. तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७. सॉफ्टवेअर बाराला तारीख पालटतं, पण कारखान्याच्या रजिस्टरात पहाटे पाचचा जॉबही (मशीनवर घडवलेला भाग) कालच्याच तारखेत पडतो. दिवस सकाळी ७ ला सुरू होतो असं सेटिंग केल्यावर ते मिटलं. खंडेनवमीला अर्धी पाळी, मग मशीन पुसून पूजा. तेही कॅलेंडरात बसवलं.

एके दिवशी प्लांट हेडनी बोलावलं. स्क्रीनवर एका व्हीएमसीचा, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनचा, दुसऱ्या पाळीतला परफॉर्मन्स १०६ टक्के! परफॉर्मन्स म्हणजे हाताशी असलेल्या वेळेत जेवढं काम व्हायला हवं, त्याच्या किती टक्के झालं तो आकडा.

"शंभराच्या वर कसा जातोय हो? सायकल टाइम ढिला धरलाय. चार मिनिटांचा पावणेचार करून टाका, टार्गेट आपोआप वाढेल."

सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला धरलेली वेळ, ढिला असला की आकडा शंभर ओलांडतो, हे खरंच. पण मग तो तिन्ही पाळ्यांत ओलांडायला हवा. पहिल्या पाळीत तोच जॉब, तेच मशीन, आणि आकडा सरळ. म्हणून सेटिंगला हात न लावता आधी हिशेब मांडला. पाळी ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि दोन चहांची २०, असा ५० मिनिटांचा प्लॅन्ड डाउनटाइम, म्हणजे मशीन बंद राहणार असं आधीच धरलेला वेळ, वजा जाऊन उरली ४३०. जॉब निघाले ११४. चार मिनिटांनी ते ४५६ मिनिटांचं काम. वरची २६ मिनिटं आली कुठून?

संध्याकाळी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. जेवणाचा भोंगा झाला. ऑपरेटर डबा घेऊन गेला, पण मशीनवरचा दिवा हिरवाच. शेजारच्या मशीनवरचे मामा दोन्ही सांभाळत होते. इकडचा जॉब क्लॅम्प केला, दार ओढलं, सायकल स्टार्ट दाबली, की तिकडचा तयार जॉब एअर गननं झाडून काढायचा.

"आमी आळीपाळीनं जेवतोय की ओ साहेब. मशीन कशाला उपाशी ठेवायचं?"

चहाचंही तसंच. पहिल्या पाळीत मात्र सगळे एकदम कँटीनला जातात. म्हणजे दुसऱ्या पाळीत सुट्टी माणसाला होती, मशीनला नव्हती, आणि सॉफ्टवेअर मोजतं मशीन. सायकल टाइम आवळला असता तर फटका पहिल्या पाळीला बसला असता, काही कारण नसताना. ते मी होऊ दिलं नाही.

त्या दोन मशीनच्या दुसऱ्या पाळीतून जेवण आणि चहा काढून टाकले. थांबलंच मशीन, तर ऑपरेटरनं कारण निवडायचं. आता ४५६ भागिले ४८०, म्हणजे ९५ टक्के.

"१०६ चे ९५ केलेत! मालकांना काय सांगू?" प्लांट हेड हसत होते, पण पुरते नाही. मग त्यांनी २०१९ च्या ऑगस्टमधला पूर काढला. हायवेवर पाणी येऊन शिरोलीचा रस्ता बंद पडला होता, तसले दिवस कुठं धरायचे? मी म्हटलं, त्या दिवशी पाळीच लावायची नाही, म्हणजे हिशेबात येणार नाही.

"मग टूल चेंजपण प्लॅन्डमध्येच टाकूया की. तो तर रोजचाच आहे."

प्लॅन्ड डाउनटाइम हा काही नको ते आकडे लपवायचा कप्पा नव्हे. टूल चेंज, म्हणजे कापायचं टूल बदलण्यात जाणारा वेळ, कमी करता येतो, म्हणून तो दिसलाच पाहिजे, यावर मी अडून बसलोय. त्यांचा फोन दर सोमवारी येतो.