शाळेतली हवा

अमेरिकेतल्या आयोवाहून मावसबहिणीचा फोन आला होता. तिच्या मुलाच्या शाळेने पालकांना कळवलंय, वर्गांतला रेडॉन मोजणार आहोत. तेच डोक्यात घेऊन आज इथे जळगावात लेकीच्या पालकसभेला गेले.

जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून आत येतो, बंद खोलीत साठतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचं नाव घेतात. हवेत तो घनमीटरला 100 बेकरेलच्या (बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक) वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

आपल्या खान्देशातला खडक काळा बेसाल्ट, त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी. घाबरायचं कारण नाही, हे सभेत मी आधीच सांगितलं. पण तळमजल्याचे वर्ग, झळांमुळे लावून घेतलेल्या खिडक्या, आणि आत दिवसभर मुलं! फी, रिक्षा, गणवेश यावर आपण तासभर बोलतो. लेकरं श्वासातून काय घेतात, हे कुणीच विचारत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

अमळनेरकडचे एक आजोबा म्हणाले, "जे दखास नही ते मोजतस कसं माय?" किती नेमका प्रश्न! छोट्या डबीत खास प्लास्टिकची फिल्म असते. ती काही महिने वर्गात ठेवायची. रेडॉनमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म अल्फा कणांचे ओरखडे तिच्यावर उमटतात, ते नंतर प्रयोगशाळेत मोजतात.

रोज प्रार्थनेआधी खिडक्या उघडायच्या आणि भेगा बुजवायच्या, एवढं मुख्याध्यापिकांनी मान्य केलंय. मोजणीचं विचारायला मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल तर कळवा.