चिठ्ठीची दुसरी प्रत
आज धाकट्याच्या एडीएचडीच्या (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा या विकाराच्या) तपासणीसाठी लातूरला गेलो असता डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी त्याची उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद केली, कारण मिथाइलफेनिडेट या त्यावरच्या औषधामुळे भूक मंदावते आणि हृदयाचे ठोके वाढू शकतात. गोळी सकाळीच द्यायची, उशिरा दिल्यास झोप उडते, हेही त्यांनी बजावले. औषध शेड्यूल एक्समधील, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीतील, असल्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला एक प्रत २ वर्षे जपून ठेवावी लागते. (पूर्वी मला हा निव्वळ जाच वाटत असे.) आम्ही दुकानात असतानाच ‘नीट’ची तयारी करणारा एक मुलगा रात्री जागता यावे म्हणून तीच गोळी चिठ्ठीशिवाय मागू लागला, दुकानदाराने त्याला सरळ परत पाठवले. घरी येताच मी गोळ्यांचे पाकीट कपाटात कुलूपबंद केले. आमची थोरली यंदा बारावीला आहे.