मँगनीज-१२ अ‍ॅसिटेट: बाटलीपासून पायऱ्यांपर्यंत

मँगनीज-१२ अ‍ॅसिटेटचा प्रत्येक रेणू म्हणजे एक चिमुकला चुंबक. ठरावीक क्षेत्रांना तो ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार उलटतो, हेच टनेलिंग, आणि तिथे चुंबकनाच्या (नमुना किती चुंबकित आहे त्याच्या) आलेखात पायरी येते. या पायऱ्या ठसठशीत येणार की पुसट, हे बहुतेक वेळा बाटलीतच ठरतं. म्हणून माझा सगळा जीव स्फटिकांवर.

स्फटिक बनवायची कृती रसायनशास्त्रज्ञ लिस यांची, १९८० सालची. २४ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये १६ मिली पाणी, त्यात ४ ग्रॅम मँगनीज अ‍ॅसिटेट टेट्राहायड्रेट. गोव्याच्या पावसाळ्यात या अ‍ॅसिटेटची बरणी उघडी राहिली की आतल्या क्षाराचे गोळे होतात आणि वजनात ओलावाही मोजला जातो. मग १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट बारीक खलून, ढवळत, चिमूटचिमूट घालायचं. एकदम ओतलं तर तपकिरी गाळ बसतो. दोन मिनिटांनी ढवळणं थांबवून भांडं झाकायचं. तीन दिवस हलवायचं नाही. तळाशी काळ्या, चमकदार काड्या मिळतात.

त्या मी मूळ द्रावणातच ठेवते. अ‍ॅसिटोनने एकदाच, झटपट धुवायच्या. व्हॅक्यूममध्ये सुकवणं नकोच. जालकात, म्हणजे स्फटिकातल्या रेणूंच्या मांडणीत, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि पाण्याचे रेणू अडकलेले असतात. ते निसटले की प्रत्येक रेणूभोवतीची परिस्थिती वेगळी होते आणि पायऱ्या पसरतात.

काडीची लांबी हाच सुलभ अक्ष (चुंबकन ज्या दिशेला सहज वळतं ती), तो चुंबकीय क्षेत्राला समांतर हवा. १० अंश कललं तर पायऱ्या दीड टक्क्याने सरकतात, शिवाय आडवं क्षेत्र टनेलिंग वाढवतं. पकड सैल असेल तर काडी क्षेत्रात फिरते, म्हणून ती ग्रीस किंवा आयकोसेन या मेणासारख्या पदार्थात बसवायची. आयकोसेन ३७ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात मडगांवहून नमुना बाहेर न्यायचा तर बंद गाडीत ठेवू नये.

स्क्विड मॅग्नेटोमीटरवर (अतिसूक्ष्म चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) आधी एसी मापन, म्हणजे आंदोलित क्षेत्राला नमुना किती मागे राहून प्रतिसाद देतो ते. त्याचं मुख्य शिखर ४ ते ७ केल्व्हिनमध्ये येतं. २-३ केल्व्हिनला दिसणारं छोटं शिखर जलद शिथिल होणाऱ्या, म्हणजे लवकर उलटणाऱ्या, रेणूंचं. चांगल्या नमुन्यातही ते थोडं असतंच.

मग पायऱ्या मोजायला २ ते २.५ केल्व्हिन. ३ केल्व्हिनला शून्य क्षेत्रात चुंबकन मिनिटांत ओसरतं, २ केल्व्हिनला महिना उलटतो. धन दिशेला संपृक्त करून (सगळे रेणू एका दिशेला वळवून) क्षेत्र उलटवायचं: पायऱ्यांजवळ ०.०२ टेस्लाची पावलं, इतरत्र ०.१. प्रत्येक बिंदूवर थांबायची वेळ सारखीच हवी, नाहीतर पायरीची उंची फसवते. चुंबकात अडकलेलं क्षेत्र आधी ऑसिलेट मोडने (क्षेत्र पुढे-मागे करत शून्यावर आणून) काढलं नाही तर शून्याची पायरी बाजूला दिसते.

शून्यापासून साधारण दर ०.४५ टेस्लाला उतार दिसतो. १९९६ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडमन, साराचिक आणि सहकाऱ्यांना दिसला तसाच. तरी इथे उष्णतेचा हातभार आहेच. ऊर्जेच्या तळाच्या पातळीतून होणारं शुद्ध टनेलिंग पाहायला ०.६ केल्व्हिनच्या खाली जावं लागतं, आणि त्यासाठी यंत्रच वेगळं लागतं.